बांधावरची आघाडी

खोलीत शिरली की मावशी आधी बसत नसे. उंबऱ्यावर उभी राहून बोट हवेत नाचवत जमलेली डोकी मोजायची आणि म्हणायची, "एक मानूस कमी हाय." पंचायत समितीची सभा असो, कुणाचं लग्न असो, नाहीतर पेणमधली माझी एका टेबलाची कचेरी असो. मी तेव्हा एका छोट्या वर्तमानपत्राचा वार्ताहर होतो आणि कचेरीत एकटाच असायचो, तरी ती मोजायचीच. "एकलाच हायेस? मंग च्या कोन सांगनार?" म्हणजे मी उठायचं.

ही सवय बांधावरची. सगळा तालुका जिला मावशी म्हणायचा ती खाडीकाठच्या गावातली, अर्धं आयुष्य मिठागरात राबलेली. तिकडे तुम्ही कधी गेला असाल तर पाहिलं असेल, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मधे मातीचा बांध. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात घुसतं. त्या फुटलेल्या जागेला खांड म्हणतात. "खांड गेली" अशी हाक उठली की घरटी एका माणसाने फावडं घेऊन धावायचं, हा तिथला रिवाज. कोण आला, कोण घरात दडून राहिला, हे मोजायचं काम मावशीचं. तिच्या नजरेतून कुणी सुटल्याचं ऐकिवात नाही.

एका पावसाळ्यात गेलेली खांड मात्र गावाच्या हाताबाहेरची होती. वर्षाचं भात गेलं. पुढच्या पावसाआधी ती बुजली नाही तर शेतं कायमची खारवणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून झाले आणि मग मावशी एका चिमुकल्या पक्षाच्या तिकिटावर पंचायत समितीला उभी राहिली. निवडूनही आली.

निकाल लागला आणि पेण उलटंपालटं झालं. दोन्ही मोठ्या पक्षांचे चार-चार सभासद आणि मावशीच्या पक्षाचे दोन. एक ती, दुसरे गागोद्याच्या बाजूचे आबा. आबा भात आणि वाल पिकवणारे, फार न बोलणारे. त्यांच्या गावची माणसं मावशीच्या बांधावर यायची आणि मावशीच्या गावची त्यांच्या लावणीला जायची, असा जुना घरोबा. काहीही विचारलं तरी आबा म्हणत, "मावशी सांगंल ती."

काय दिवस होते! मला जेवण सुचत नव्हतं. ज्या पक्षाची सभा भरवायला एक सतरंजी पुरे, त्याच्या दारात गाड्यांची रांग. पेणचे शेठ, म्हणजे एका मोठ्या पक्षाचे पुढारी, पांढरे बूट घालून धुरळा तुडवत आले. दुसऱ्या पक्षाचे साहेब रोह्याहून आले. मावशीने दोघांनाही सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी घातली आणि दोघांनाही एकच विचारलं, "खांड कवा बांधताव?" दोघेही उपसभापतीपदाबद्दल बोलत राहिले.

आणि सभापती निवडायच्या मतदानाच्या आदल्या दिवशी आबा गायब झाले.

रोह्याच्या साहेबांनी आपले चार सभासद रोह्यातच कुंडलिका नदीच्या काठी एका बंगल्यात सहलीला म्हणून ठेवले होते. आबांना तिथेच नेल्याची बातमी माझ्याकडे आली आणि मी धावत ती मावशीला दिली. ती खाटेवर बसली. पहिल्यांदाच तिचा चेहरा पडलेला पाहिला. "दोन होतो तवा शेठ माज्या दारात. एकलीच्या मतानं निस्ती बरोबरी व्हनार, मंग चिठ्ठ्या. एकलीला कोन इचारील? खांड रायली उघडी." मग एकदम उठून पिशवी उचलली. "रोह्याची गाडी कवा हाय रे?"

दुपारच्या गाडीने आम्ही रोह्याला उतरलो. बंगल्याच्या फाटकाशी साहेबांची चार धिप्पाड माणसं पत्ते खेळत होती. आत सोडणार नाहीत हे उघडच होतं. मावशीने विचारलंही नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही तळहात तोंडाशी धरले आणि अशी हाक मारली की नदीपलीकडे ऐकू जावी.

"खांड गेलीऽऽ! मानूस कमी हाय!"

पुढे जे झालं ते मी छापलं तेव्हा कुणाला खरं वाटलं नव्हतं. पत्ते खेळणारे चौघे ताडकन उठले. तेही खाडीकाठचेच. बंगल्यातून सभासद अनवाणी धावत आले, एकाच्या गालावर दाढीचा साबण तसाच होता. त्यांच्या पुढे, बागेतलं फावडं खांद्यावर घेऊन, आबा.

"कुठची खांड, मावशी?" साबणवाल्याने विचारलं.

"गेल्या पावसाल्यातली. आजून उघडीच हाय. तुमी कवा इचारलात?"

कुणी हसलं नाही. एकाच्या हातात पत्ते तसेच राहिले होते, तो ते खिशात घालायला लागला. आबा मान खाली घालून म्हणाले, "ते बोल्ले उपसभापती करतो. मना वाटला, मंग खांड मीच बांधीन."

"एकल्यानं कधी खांड बांधतात काय रे?" मावशी इतक्या मायेने म्हणाली की आबांना रडू आलं.

तेवढ्यात साहेब गॅलरीत आले. साबणवाला खालूनच त्यांना म्हणाला, "साहेब, पयला ठराव बांधाचा लावा. नाय तर आमाला गावात तोंड दाखवाय जागा नाय." बाकीच्या तिघांनी माना हलवल्या. साहेबांनी चौघांची तोंडं पाहिली आणि ते म्हणाले, "लावतो." मावशीने बोट नाचवत डोकी मोजली आणि पहिल्यांदाच "कमी हाय" म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिची दोन मतं साहेबांच्या उमेदवाराला पडली आणि तो सभापती झाला. ज्यांनी आबांना पळवलं त्यांनाच! शेठ बाहेर कळवळून म्हणाले, "मावशी, हे काय केलंस?"

"मी रोह्याला हाक मारली तर ती मानसं बिगर चपलेची धावली, शेठ. तुमी आलं असताव काय?"

शेठांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

उपसभापतीपद मावशीने खुशाल घेतलं. "बसायला बरी हाय," असं खुर्चीबद्दल तिचं मत होतं. सभेत बांधाचा विषय मागे पडला की ती पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घ्यायची. सभापतींचा चेहरा उतरायचा, कारण मावशी उठली की खुर्ची गेली. एवढ्याशा पक्षाच्या कापडी पिशवीत तालुक्याची सत्ता होती आणि ते पाहायला मी एकही सभा चुकवत नसे. पावसाआधी खांड बुजली. त्या वर्षी तिच्या घरच्या नव्या तांदळाची भाकरी मी खाल्ली. तशी भाकरी पुन्हा खाल्ली नाही.

मावशी गेली तेव्हा बांधावरून तिला नेलं. घरटी एक माणूस आला होता. शेठ होते, साहेब होते. आबा गागोद्याहून फावडं घेऊन आले. हे कशाला आणलं, असं कुणीतरी विचारलं.

"तिच्या बांधावर रिकाम्या हातानं यायचा नाय," आबा म्हणाले.

मग ते खांडीच्या जागी उभे राहिले आणि बोट हलवत सगळ्यांना मोजायला लागले. शेवटच्या माणसापर्यंत आले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "एक कमी हाय," ते म्हणाले आणि बोट तसंच हवेत धरून उभे राहिले.