चुकलेल्या उत्तरांचा विषय

बेटांच्या देशाची राजधानी असलेल्या नुकुअलोफाच्या विद्यापीठात लुसेआने कॉम्प्युटरचे शिक्षक घडवायची. तिच्या हाताखालची मुलं पट्टीचे प्रोग्रामर होऊन बाहेर पडत. त्यातला सगळ्यात हुशार सिओसिउआ लिफुका बेटावरच्या शाळेत लागला, आणि वर्षभरात त्याचा फोन आला.

"बाई, मी सोडतोय. पोरांच्या डोक्यात काही शिरतच नाही."

"शिकवतोयस की नुसता बडबडतोयस?" असं झापून ती पुढच्या बोटीने लिफुकाला गेली.

सिओसिउआने वर्गात खडू तिच्याच हातात दिला. तिने फळ्यावर टोपली काढली, तिला 'क' नाव दिलं. "आधी लिहिलं, क बरोबर तीन. मग खाली लिहिलं, क बरोबर पाच. आता क मध्ये किती?"

"आठ," पुढच्या बाकावरची टोआकासे म्हणाली.

"पाच! नवा आकडा आला की जुना पुसला जातो," लुसेआनेने पुन्हा समजावलं. पोरगी पुन्हा आठच म्हणाली.

"अगं, आठ आणतेस कुठून?"

"टोपली तुम्हीच काढलीत ना, बाई? मग आधीची तीन कोनफळं बाहेर काढली कुणी?"

वर्गात खसखस पिकली. लुसेआनेला मात्र हसू फुटेना. तिने बाकीच्यांना विचारलं. एकजण म्हणाला, तीन खाली दबलीत, वर पाच दिसतात. दुसरी म्हणाली, भरल्या टोपलीत पाच मावणारच नाहीत.

ती पोरांशेजारी बाकावर बसली. प्रत्येक पोराच्या डोक्यात एकेक अख्खं यंत्र चालू होतं, स्वतःच्या नियमांनी, कुठेही फट नसलेलं. आणि तिच्या भरगच्च अभ्यासक्रमात त्याबद्दल एक ओळ नव्हती.

परतल्यावर तिने नवा विषय मांडला: मुलांची चुकलेली उत्तरं. विभागातला फेलेटी म्हणाला, "मग नापासांना पहिला नंबर देऊ या का? आणि तासिका कुठून आणणार?"

"माझ्याच प्रोग्रामिंगच्या कापा."

वाद बरेच दिवस रंगला, पण विषय मंजूर झाला. सिओसिउआनेही शाळा सोडली नाही.

आता पहिल्याच वर्षापासून विद्यार्थी शाळेत जातात, पोरांशेजारी बसतात. चूक दुरुस्त करायची नाही, फक्त विचारायचं, असा दंडक आहे. परवा अशीच एक विद्यार्थिनी, मेलेनाइते, वर्गाबाहेर येऊन शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर बसून राहिली.

"काय झालं गं?" लुसेआनेने विचारलं.

"बाई, एवढंसं पोर... आणि आत केवढं चाललं होतं!"

लुसेआने तिच्या शेजारी बसली. "सांग बघू, काय म्हणालं ते?"