आतला कारागीर

धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत गनीभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये हिरवा पडदा. जुनं घड्याळ घ्यायचं किंवा विकायचं असलं की साक्रीपासून शिंदखेड्यापर्यंतची माणसं आधी विचारत, "गनीभाईंनी पाह्यलं का?" गनीभाई डोळ्याला भिंग लावत, मागचं झाकण उघडत आणि दोनच गोष्टी सांगत. माल असली की नकली, आणि त्याचे किती द्यावेत. त्यावर घासाघीस होत नसे.

डायल डागाळलेलं असलं तर ते म्हणत, "मुंबईहून करून आणावं लागेल." काही दिवसांनी डायल नव्यासारखं होऊन येई. मुंबईला ते कधी गेलेलंच नसे. ते पडद्याआड जाई, गनीभाईंच्या बायकोकडे, अमिनाबींकडे.

अमिनाबी मूळच्या मालेगावच्या. वडील कातिब होते, म्हणजे छापखान्यासाठी उर्दू मजकूर सुबक अक्षरात हातानं लिहून देणारे. त्यांनी मुलीच्या हातात लहानपणीच बोरू दिला आणि अक्षर बिघडलं की बोटांवर पट्टीही दिली. लग्न होऊन धुळ्याला आल्यावर बोरू सुटला, हात सुटला नाही. एकदा गनीभाई एका डायलवर डोकं धरून बसले होते. अमिनाबी म्हणाल्या, "द्या इकडे." खारीच्या शेपटीचे केस बांधून ब्रश त्यांनी स्वतःच केला. इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती अक्षरं त्या मेंदीची नक्षी उतरवावी तशी पाहून उतरवत.

"बायकोनं रंगवलंय म्हटलं तर गिऱ्हाईक पैसे देईल का?" गनीभाईंचा सवाल असे. अमिनाबींना ते पटत नव्हतं, पण त्यांनी आपलं म्हणणं लावूनही धरलं नव्हतं. बाजारात कुणकुण होतीच की गनीकडे कुणी 'आतला कारागीर' आहे. कुणी म्हणे बोहरी आहे, कुणी म्हणे मुंबईच्या कंपनीतून काढलेला म्हातारा आहे. पडद्यामागे चहा गाळताना अमिनाबी हे ऐकत आणि हसू दाबत.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात जळगावचे सराफ रुपचंदशेठ दुकानात आले. त्यांना जुन्या घड्याळांचा शौक होता आणि पारखही होती. बरोबर शिंदखेड्याकडचे अभिमन नाना. नानांच्या हातात वडिलांचं स्विस घड्याळ, चावीचं. वडील जाऊन वर्ष झालं होतं.

"भाऊ, आम्ही तीन भाऊ," नाना म्हणाले. "घड्याळना तीन तुकडा कसा करवा? म्हनीसन शेठले दी ऱ्हायनूत. पन तुमीन सांगा, असली शे का नही."

"असली असेल तर तीन हजार देतो," शेठ म्हणाले. "मशीन मी पाहिलं, चोख आहे. पण मी आलोय डायलसाठी. इतकं साफ डायल मुंबईतसुद्धा पाहायला मिळत नाही. तुम्ही एकदा असली म्हणा, की मी मोकळा."

गनीभाईंनी मशीन पाहिलं, झाकणावरचा नंबर पाहिला, काटे पाहिले. डायलवर भिंग बराच वेळ ठेवलं. एक डाग नाही, एक रेघ वाकडी नाही. शब्द ओठांवर आला होता. पण डायलबाबत बोलण्याआधी आत एक फेरी मारायची त्यांची रीत होती. "आलोच," म्हणून ते पडद्याआड गेले.

अमिनाबींनी घड्याळ खिडकीशी धरलं. पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला.

"ये तो मेरा काम है."

"काहीतरीच! कंपनीचं आहे ते."

"सहाच्या आकड्याखालची बारीक अक्षरं पाहा. शेवटचं अक्षर. त्याच्या आडव्या रेघा उजवीकडे जाड आहेत, डावीकडे बारीक होत गेल्यात."

गनीभाईंनी पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. इंग्रजी लिहिणारा माणूस रेघ डावीकडून ओढतो. कंपनीच्या छापात ती सगळीकडे सारखी असते. ब्रश उजवीकडे टेकवून डावीकडे उचलणारा हात उर्दू लिहिणाऱ्याचाच. अमिनाबींच्या वडिलांनी पट्टीनं बसवलेली ती सवय होती.

गनीभाई आवाज खाली आणून म्हणाले, "तुला एकटीलाच दिसतंय ना? मग राहू दे. नाना खूश, शेठ खूश."

"शेठ उद्या मुंबईत विकतील. तिथं कुणी ओळखलं, तर तुमचा शब्द कुठं राहील?"

"आणि मुंबईहून आणतो म्हणून इतकी वर्षं सांगितलं, त्याचं काय?"

"ते तुमचं तुम्ही पाहा," अमिनाबी म्हणाल्या. "आणि एक ऐका, मी काम केलं ते कंपनीच्या नावावर जायला नाही केलं."

गनीभाई बाहेर आले. "शेठ, मशीन असली, केस असली. डायल रंगवलेलं आहे."

"शक्यच नाही!" शेठ म्हणाले. "कुणी रंगवलं?"

पडदा सरला. डोक्यावरचा पदर नीट करत अमिनाबी पुढे आल्या. "मी. भिंग लावा, शेठ. खालच्या ओळीतलं शेवटचं अक्षर. रेघ कुठून जाड आहे?"

शेठनी भिंग लावलं. "उजवीकडून."

"आम्ही तिकडूनच लिहितो."

शेठ भिंग काढून हसायला लागले. "म्हणजे आतला कारागीर तुम्ही! आणि आम्ही जळगावात त्या मुंबईच्या म्हाताऱ्याचा पत्ता शोधतोय!"

नानांना आता आठवलं. पांझरा नदीच्या पुरात वडील बैलांना काढायला उतरले होते, तेव्हा घड्याळात पाणी गेलं होतं. "मना बाप बठ्ठा गावले सांगे, डायल मुंबईनं शे!" ते म्हणाले. "भाभी, तुमीन तं मना बापले बी फसाडं!"

"मी नाही हो, नाना. फसवणारे हे बसलेत," अमिनाबी म्हणाल्या. गनीभाई उगाचच चिमटा पुसू लागले.

भाव मात्र त्यांनीच सांगितला. "अठराशे. एक रुपया जास्त नाही, कमी नाही." नानांचा चेहरा थोडा उतरला. मग त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "चाली. तीनमा बराबर जास."

शेठनी पैसे मोजले, पण उठले नाहीत. खिशातून त्यांनी रुमालात बांधलेलं एक घड्याळ काढलं. त्याचं डायल करपून काळं पडलं होतं. "हे कराल?"

"करीन. पण डायलच्या मागच्या बाजूला माझं नाव टाकीन."

"मागचं कोण पाहतं?"

"ज्याला खरं-खोटं पाहायचंय तो पाहील. पुन्हा कुणाला माझं काम कंपनीचं म्हणून विकता यायला नको."

शेठनी मान डोलावली. त्या डायलच्या मागे, पितळेवर, उर्दूत 'अमिना' एवढंच लिहिलं गेलं. उजवीकडून डावीकडे. पुढे जळगाव-धुळ्याच्या बाजारात जुनं घड्याळ घेताना डायल उलटून पाहायची पद्धत पडली. नाव असेल तर अमिनाबींच्या हातचं, नसेल तर पुढची पारख.

गनीभाईंनाही बोलणं बदलावं लागलं. पुढच्याच आठवड्यात साक्रीचं एक गिऱ्हाईक डागाळलेलं घड्याळ घेऊन आलं. "हे मुंबईला पाठवणार ना, गनीभाई?"

"मुंबई बंद," गनीभाई म्हणाले आणि खुर्ची किंचित बाजूला सरकवली. काचेच्या कपाटाशेजारी आता दुसरी खुर्ची होती. "डायलचं त्यांनाच विचारा."