पाण्याकडे पाठ

कारध्याचा पूल आला की पार्बताकाकू पदर तोंडावर ओढून घ्यायची. माहेरी लाखनीला जाताना वैनगंगा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि बस पुलावर चढली की ही आपली पदराआड. शेजारची बाई विचारायची, मळमळते का? काकू नुसती मान हलवायची. पूल संपला की पदर खाली आणि गप्पा पुढे सुरू.

जवाहरनगरच्या क्वार्टरात आमची भिंतीला भिंत होती. तिचा रमेश आणि आमचे हे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत एकाच सेक्शनला. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलं, नवरा पुनर्वसनाच्या गावठाणात वारला आणि काकू लेकाकडे आली. दर चैत्रात तिच्या गावची माणसं पाण्याच्या काठावर जमून बुडालेल्या ग्रामदेवीची, मातामायची पूजा करत. काकू एकदाही गेली नाही. मी एकदा आगाऊपणानं विचारलं, तर म्हणाली, “पानी घेते बाई, वापस देत नाही. त्याचं तोंड कायले पाहू?” मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि अशा बाईला आम्ही समुद्र दाखवायला निघालो! एलटीसी, म्हणजे फॅक्टरीची प्रवास-सवलत, घ्यायची ठरली, रमेश आणि हे दोघांनी मालवण पक्कं केलं आणि काकूला सांगितलं की कोकणात देवळं आहेत. ते काही खोटं नव्हतं. काकूनं पाच किलो चिन्नोर तांदूळ बांधून घेतला. तिकडे भातच खातात गं, असं मी कानीकपाळी ओरडले, पण ऐकेल ती काकू कसली. “त्यायचा त्यायले. पाह्यन्याच्या घरी रिकाम्या हातानं जावाचं का?” राहायची सोय आम्ही पैसे भरून केली होती, पण काकूच्या हिशेबी ते पाहुण्याचंच घर.

दोन गाड्या बदलून कुडाळला उतरलो, मालवणच्या रस्त्याला लागलो आणि काकूची कळी खुलली. लाल माती, लाल चिऱ्याच्या भिंती, उतरती कौलं, अंगणात तुळस. ती भिंत नखानं खरवडून बघायची. “गोट्याले कापून विटा केल्या यायनं. आमचे कवेलू लहान, पन घर असंच होतं,” म्हणाली. ‘होतं’ म्हणून थांबली आणि पुढच्या घराकडे वळली. घरमालकीण शालूवैनी साठीची, बोलकी. तिनं बांगड्याच्या कालवणात तिरफळं घातली, तर काकू ती एकेक उचलून ताटाच्या कडेला रचत बसली. माशात खोबरं बघून तिला आधी पटेना, खोबरं तं देवाले. सोलकढीचा पहिला घोट तिनं काढ्यासारखा घेतला आणि मग तीन वाट्या प्यायली. चिन्नोर शिजला तेव्हा मात्र वासानं शेजारची बाई डोकावून गेली, आणि काकूनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग. काकू होडीत पाय ठेवायला तयार नव्हती. तुम्ही जा, मी सामानाजवळ बसतो, म्हणाली. गर्दीपासून दूर, ओल्या वाळूवर एक होडी कलंडून पडली होती. मोडकी असेल समजून आम्ही तिच्या सावलीत चटई टाकली, डबे ठेवले, काकूला बसवलं. ती अर्थातच पाण्याकडे पाठ करून बसली. आम्ही तलावाकाठची माणसं! आमच्याकडे काठ तो काठ, दोन तासांत तो कुठे जागा सोडतो? भरती नावाचा शब्द शाळेत पाठ केला होता, पण तो आपल्या डब्यापर्यंत येतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

किल्ला पाहून परतलो तर ती मोडकी होडी पाण्यावर झुलत होती आणि काकू नव्हती. रमेश वेड्यासारखा हाका मारत धावला. वर माडाच्या बुंध्याशी काकू बसलेली दिसली, कमरेपर्यंत ओली, अनवाणी, आणि एक मासेवाली तिचा हात धरून. पाणी मागून आलं, टेकलं, तरी ही उठलीच नाही, असं ती बाई सांगत होती. तिनं आणि आणखी एकीनं ओढून आणली होती म्हणे. रमेशकडे बघून काकू एवढंच म्हणाली, “बाबू, इथंबी माह्या मांगं आलं.”

रमेश तिथेच रडला. काकूनं त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. घरी चला, हा एकच धोशा. मला स्वतःची अशी चीड आली होती की काय सांगू.

सकाळी शालूवैनी तिला हाताला धरून किनाऱ्यावर घेऊन गेली. मी मागोमाग. पाणी कुठल्या कुठे लांब गेलं होतं. कालची होडी पुन्हा वाळूत कलंडून पडली होती. “बगा काकी, गेलां की नाय?” वैनी म्हणाली. काकूनं मान वर करून पाण्याकडे पाहिलं. मग विचारलं, “रोज जाते?” दिवसातून दोनदा, असं वैनीनं सांगितलं. काकू एकटीच चालत होडीपर्यंत गेली, वाकून वाळू उकरली आणि एक चप्पल वर धरून आम्हाला दाखवली. दुसरी काही मिळाली नाही. पण ती हसत होती.

त्याच दिवशी ती होडीत बसली. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, भोवती सगळा खारा समुद्र. ते पाणी ओंजळीनं प्यायली आणि तिथे राहणाऱ्या बाईशी चुलीच्या, सरपणाच्या गप्पा मारत बसली. होडीवाल्याला थांबवून थांबवून आमच्या नाकी नऊ आले.

परत आल्यावर चैत्रात एका सकाळी ती माझ्या दारात उभी. “मीने, मले धरनाकडं नेतेस का व? रमेशले नोको सांगू, तो रडते.” आम्ही रिक्षा केली. काठावर पूजा चालली होती, पण काकू सरळ पाण्यापाशी गेली. या वेळी तोंड पाण्याकडे.

“हे नाही जात वापस,” ती म्हणाली. “मले मालूम हाये. पन पाहून घ्यावं म्हनलं.” मग दूरच्या एका डोंग्याकडे, मासे धरणाऱ्याच्या लहान नावेकडे बोट केलं. त्याच्या उजव्या हाताला, पाण्याखाली, तिची चूल होती, असं सांगितलं. गाव सोडलं त्या दिवशी सामान ट्रॅक्टरवर चढलं, माणसं चढली, आणि ही उतरून पुन्हा आत गेली. शेण-माती कालवून तिनं चूल सारवली. नवरा बाहेरून ओरडत होता, बुडणाऱ्या चुलीला कशाला सारवतेस म्हणून. “तशीच उष्टी सोडून कशी येऊ व? जलमभर जेवलो तिच्यावर.” मला वाटत होतं ती पाण्यावर रागावली आहे. ती नुसती घाबरली होती, आपली सारवलेली चूल त्या पाण्याखाली बघायला.

गेल्या हिवाळ्यात काकू गेली. झोपेतच, कुणाला त्रास न देता. आणि आता आमचे हे रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. परवा टेम्पोत सगळं सामान चढलं, किल्ली घ्यायला आलेला माणूस दारात उभा होता. मी परत आत गेले. रिकाम्या स्वयंपाकघरात ओटा घासला, धुतला, फडक्यानं कोरडा केला. हे बाहेरून हाका मारत होते. मी म्हटलं, आले.