केल्टिबेरींची गोष्ट आणि धनगरांचे भाले

आमची तुकडी तेव्हा मांजरसुंब्याच्या ठाण्यावर होती. निजामी अंमल. मी घोडदळात दफेदार. सकाळी परेड, मग घोड्यांची मालिश, दुपारी कॅप्टनसाहेबाचं लेक्चर.

साहेबाला जुन्या लढायांचं वेड. एकदा त्यानं स्पेन देशातल्या केल्टिबेरी लोकांची गोष्ट सांगितली. ते लोखंड जमिनीत पुरून ठेवत. कच्चं लोखंड गंज खाई, उरलेल्या पक्क्याची दुधारी तलवार करत. अख्खा लोखंडी भाला, लहान गोल ढाल. एका घोड्यावर दोघं बसत. लढाईत एक उतरून पायी लढे. रोमच्या सरकारनं त्यांना हत्यारं टाकायला सांगितली, तेव्हा कित्येकांनी त्यापेक्षा जीव दिला.

"ये होते हैं बहादुर!" साहेब म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला. डोंगरातल्या वाड्यांवरची हत्यारं जमा करा.

आम्ही धनगरांच्या वाडीवर गेलो. भिवा धनगर भाला सोडेना.

"दफेदार, लांडगा आला तर मेंढरं कशानं राखू? हात जोडून?"

"वरचा हुकूम हाय, भिवा."

त्यानं भाला माझ्या पायाशी टाकला. परतताना माझा जोडीदार, सवार निवृत्ती म्हणाला, "काल साहेबानं कुणाची गोष्ट सांगितली, अन् आज आपून कुणाकडून लढायलो? आपून तर रोमवाले झालो की रे."

मी घोड्याला टाच मारली. भाल्यांचा भारा ठाण्यावर आला. भिवाचा भाला साहेबाला आवडला. त्यानं तो बंगल्यात भिंतीवर लावला.

महिनाभरानं केजच्या बाजाराच्या दिवशी भिवाची बायको सगुणा धापा टाकत ठाण्यावर आली.

"वाडीवर दरोडेखोर आलेत. आमचे लोक काठ्या घेऊन हुभे हायत."

निम्मे घोडे बीडला गेले होते. साहेबाला आनंदच झाला. "एक घोडा, दो सवार! केल्टिबेरी तरीका!"

निवृत्ती माझ्या मागं बसला. चढावर घोडा दमला, पाय घसरू लागले. वाडी दिसताच निवृत्तीनं उडी टाकली.

"तू घोडा सांभाळ, मी जातो!"

धनगर आणि दरोडेखोर एकमेकांत मिसळले होते. गोळी झाडता येईना. भिवा काठीनं लढत होता. निवृत्ती त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पहिल्याच घावाला त्याची सरकारी तलवार वाकली. त्यानं ती पायाखाली घेऊन सरळ करायला पाहिली. तेवढ्यात कुऱ्हाड बसली. मी घोडा सोडून पोहोचलो तोवर निवृत्ती आणि भिवा दोघंही पडले होते. बाकीचे सवार येताना दिसले आणि दरोडेखोर पळाले.

संध्याकाळी साहेब म्हणाला, "तरीका अच्छा रहा."

मी अटेन्शनमध्येच विचारलं, "साब, भाले उनके पास होते तो?"

"हुक्म ऊपर का था, दफेदार."

"तो वो गोष्ट हमें काहे को सुनाई, साब?"

"डिसमिस!"

त्याचा संताप मला आजही येतो. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांसाठी ज्याचे डोळे भरले, तो भिवाच्या मातीला आला नाही.

निवृत्तीचं प्रेत घेऊन मी सिरसाळ्याला, त्याच्या गावी गेलो. त्याच्या बापानं पोराच्या चेहऱ्यावरून हात फिरवला.

"कशापायी मेला माझा लेक?"

"एका धनगराला वाचवाया गेलता, काका."

"वाचला का त्यो?"

"न्हाई."

म्हाताऱ्यानं पोराच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाला, "पर येकटा तर मेला न्हाई त्यो माणूस."

निवृत्ती आणि भिवा. दोघांची ओळख जेमतेम दोन भेटींची.