गाडी गार होईना

आमचा पहिला संसार चाकांवर होता. हे रस्त्याच्या मोजणीवर ओव्हरसियर होते. मोजणी पुढे सरकली की मुक्काम हलायचा, आणि दर गावात खोली शोधून हे वैतागले होते. म्हणून लढाई संपल्यावर लिलावात निघालेली लष्कराची एक जुनी रुग्णवाहिका यांनी एका मित्राकडून घेतली. आत झोपायला दोन बाक केले, स्टोव्हसाठी पत्र्याचा कोनाडा केला, आणि मुलगी झाल्यावर छताच्या आकड्याला तिची झोळी टांगली. माझ्या वडिलांना यांनी शब्द दिला होता, "तिला उन्हाची झळ लागू देणार नाही." त्या शब्दापायी गाडीत गारव्याची सोय करण्याचं यांच्या डोक्यानं घेतलं.

सोय साधीच होती. मागच्या खिडकीत वाळ्याचा जाड पडदा आणि त्याच्यावर पाण्याचा डबा. डब्यातून तांब्याची नळी, नळीला बारीक भोकं. पाणी थेंब थेंब वाळ्यावर झिरपायचं आणि मोटारीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंखा बाहेरची हवा त्या ओल्या वाळ्यातून आत ओढायचा. सोलापूरकडच्या कामावर एक अख्खा उन्हाळा आम्ही त्याच्यावर सुखात काढला. बाहेर धुळीचे लोट उठायचे आणि आत मी दुपारी चादर पांघरून झोपायची.

पुढच्या वर्षी काम रत्नागिरी जिल्ह्यात, दाभोळच्या बाजूला लागलं. खाडीवरच्या सड्यावर गाडी उभी केली. नजर जाईल तिथवर जांभा कातळ, सावलीला एक झाड नाही. खाली उतारावर दर्यावर्दी मुसलमानांची वाडी होती. यांनी एका पडक्या दगडी गडग्याच्या आडोशाला गाडी लावली, डबा भरला, पंखा सुरू केला आणि हात झाडत म्हणाले, "बघ आता."

मी बघत राहिले. दुपार झाली तरी गाडी गार होईना.

पहिल्यांदा यांचा संशय नळीवर गेला. इथलं पाणी तांबूस, भोकं बुजली असतील. नळी काढून हे सुईनं एकेक भोक मोकळं करत बसले. पाणी छान झिरपायला लागलं, पण गारवा नाही. मग पंखा मंद वाटला. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती, ती सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली, व्हॅसलीन लावलं. पंख्याला तेल दिलं. पंखा भिंगरीसारखा फिरू लागला. तरी आत तेच. मग वाळा जुना झाला म्हणून खेडला जाऊन नवा आणला. वास इतका सुरेख, की मी डोळे मिटून क्षणभर गार झालं असं समजले. डोळे उघडले तर पोलकं पाठीला चिकटलेलं.

माझं मन कशात लागेना. आत बसवेना म्हणून बाहेर जावं, तर कातळ वहाणेतूनही पोळायचा. परत आत यावं, तर अंगाला ओल्या घोंगडीत गुंडाळल्यासारखं व्हायचं. भाजी चिरायला घ्यायची, अर्धी टाकून उठायची. शिवण घ्यायची, दोरा ओवायच्या आधी ठेवून द्यायची. हेही कामावरून दुपारीच परत यायचे आणि सरळ गाडीच्या मागं जायचे. जेवायला हाक मारली की म्हणायचे, "एवढा एक स्क्रू." मुलीच्या मानेवर, काखेत घामोळं उठलं. ती रडायची, मी चिडायची आणि हे पान्हा घेऊन गाडीभोवती फिरत राहायचे.

शेवटी यांनी ठरवलं की गारवा होतोय, पण फटींतून निसटतोय. सुट्टीच्या दिवशी यांनी बाजूच्या खिडक्या बंद केल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, दाराला आतून गोणपाट ठोकलं.

"आता दार उघडू नकोस," म्हणाले. "जरा धीर धर. आत गारवा साठू दे."

हे पुढच्या दारानं उतरून मागं डब्यात पाणी घालायला गेले. मी धीर धरला. मुलगी आधी रडत होती. मग रडायची थांबली. मला बरं वाटलं, झोपली एकदाची. पण झोळीत हात घातला तर अंग तापलेलं, मान सैल, ओठ कोरडे. हाक मारली तर डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले.

मी गोणपाट ओरबाडून काढलं, दार लाथेनं उघडलं आणि तिला घेऊन उतारावरून धावत सुटले. वहाणा गाडीतच राहिल्या. मागून हे काहीतरी ओरडले, ते ऐकायला मी थांबले नाही.

वाडीतल्या पहिल्याच घराच्या पडवीत एक वयस्क बाई जाळं सांधत बसल्या होत्या. आमची ओळख विहिरीवरची. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. त्यांनी पोर माझ्या हातातून घेतलं, झबलं काढलं, सारवलेल्या जमिनीवर ओलं फडकं अंथरून तिला निजवलं आणि सुपानं वारा घालायला लागल्या. सुनेनं शहाळं फोडून आणलं. चमच्या चमच्यानं पाणी ओठांत सोडलं. पहिले दोन चमचे गालावरून ओघळले. नंतरचा तिनं गिळला.

"अगो, त्या डब्यात पोराला कोंडून कशाला ठेवलं होतंस?" खालांनी विचारलं.

"गार व्हावं म्हणून," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

ऊन कलता कलता मुलीनं टाहो फोडला. एवढा गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

हे अंगणात उभे होते. कधीचे आले होते कोण जाणे. आत यायला कचरत होते. खालांनीच हाक मारली, "येवा, बसा." हे पडवीच्या कडेला टेकले. मुलीच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"मी उद्यापासून दुपारची गाडीत थांबणार नाही," मी म्हटलं.

"पंखा चालतोय," हे हळू आवाजात म्हणाले. "पाणी पडतंय, वाळा नवा आहे. सगळं जिथल्या तिथं आहे. मग चुकतंय कुठं?"

मला राग आला होता. "तुम्हाला अजून तेच सुचतंय? माझी सकाळी वाळत घातलेली दुपटी बघा. उन्हात असून अजून दमट. मिठाला पाणी सुटलंय. माठातलं पाणीसुद्धा इथं सोलापुरासारखं गार होत नाही."

बोलता बोलता मी थांबले, कारण हे माझ्याकडं टक लावून बघत होते.

"दुपटी वाळत नाहीत," हे म्हणाले.

"नाहीत."

"मग वाळ्यातलं पाणी तरी कसं वाळणार? ते हवेत उडालं तरच गारवा. इथली हवा आधीच पाण्यानं भरलेली." हे उठून उभे राहिले, पुन्हा बसले. "म्हणजे काही बिघडलंच नव्हतं गं. मी नुसती वाफ करत होतो. आणि वरून दार लावून घेतलं."

यांचा चेहरा असा उतरला, की माझा राग जागच्या जागी विरला. मी मुलीला यांच्या मांडीवर दिलं. तिनं लगेच यांची बोटं धरली.

दुसऱ्या दिवशी यांनी रजा काढली. वाळा, डबा, नळी, सगळं उतरवलं. गाडी गडग्याच्या आडोशातून काढून अशी वळवली, की दुपारी समुद्रावरून येणारा वारा पुढून शिरावा आणि मागून निघावा. खिडकीखालचा पत्रा दोन्ही बाजूंनी कापून झडपा केल्या. वाडीतून नारळाची विणलेली झापं आणून छतावर दोन थर टाकले. खालांचा मुलगा बोटीवरून रजेवर आला होता. त्यानं आणि यांनी मिळून ती काथ्यानं बांधली. दुरून आमची गाडी झोपडीला चाकं लावल्यासारखी दिसायची. मोजणीवरची माणसं हसायची. गार काही झालं नाही, उन्हाळा तो उन्हाळाच, पण वारा अंगावरून जाऊ लागला आणि मुलीचं घामोळं आठवड्याभरात सुकलं. दुपारी मात्र मी तिला घेऊन खालांच्या पडवीतच बसायची.

पावसाच्या तोंडावर आम्ही खेडला दोन खोल्या घेतल्या. झडपा कापलेली गाडी पावसात टिकणारी नव्हती. ती यांनी एका आंबेवाल्याला विकली. विकली त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी समजूत घातली नाही, कारण मलाही जेवण गेलं नव्हतं.

खेडच्या घराला जाड भिंती होत्या, परसात फणस होता. तरी किती तरी दिवस मी दुपारी अंथरूण उचलून एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून ओटीवर अशी फिरायची, आणि मुलगी शांत निजली असली की तिला हलवून उठवायची. हे बघायचे, पण कधी "निजू दे की तिला" असं म्हणाले नाहीत.