थांबलेलं बिल्ड

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते आणि बहुतेकांवर हसते, हे आधीच सांगून टाकते. भूत, अंगात येणं, बाहेरची बाधा... असल्या विषयांना आमच्या घरात जागाच नव्हती. आम्ही बौद्ध. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत मेकॅनिक होते. चिंचेखाली काहीतरी दिसलं असं कुणी म्हणालं की ते विचारायचे, "बॅटरी घिऊन जाऊन बघितलं व्हय?" तेवढ्यावर विषय मिटायचा. मी त्यांचीच लेक. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते, मीठमसाला न लावता. त्या दुपारी अण्णांचा जीव गेला असता, आणि बटण मी दाबलं होतं.

आमचं घर जळकोटला, हायवेपासून थोडं आत, शेतातच. पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं काम मी घरून करते. विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारा एक बोर्ड आम्ही बनवतोय. त्याचा प्रोग्राम मी लिहिते. चाचणीसाठी एक बोर्ड आमच्याच विहिरीवर, स्टार्टरच्या पेटीत बसवलाय. अण्णांनीच हौसेनं बसवून दिला.

आता थोडं कामाचं सांगते. कंटाळू नका, पुढे लागणार आहे. प्रोग्राम लिहून झाला की तो 'बिल्ड' करावा लागतो, म्हणजे बोर्डाला कळेल अशा रूपात आणायचा, तपासायचा आणि मग वायफायवरून बोर्डावर पाठवायचा. तो पोचला की बोर्ड चाचणी म्हणून मोटर जराशी फिरवून बघतो. ही कामं ओळीनं करणारं एक टूल असतं. मी ते वेगळ्या काळ्या खिडकीत कमांड टाईप करून चालवायचे. बोर्डावर पाठवायच्या आधी ते थांबून विचारायचं — पुढे जाऊ? मी हो म्हटलं की मगच जायचं.

त्या दिवशी मी हे टूल कोड लिहायच्या एडिटरला जोडत होते. एकच बटण दाबायचं, बाकी सगळं आपोआप. अडचण एवढीच की एडिटरमधून चालवलं तर त्या प्रश्नाचं उत्तर टाईप करायला जागाच मिळत नव्हती. म्हणून सेटिंगमध्ये लिहून टाकलं, विचारू नको, सरळ जा. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात.

आणि आता आईबद्दल. आई गेल्या वर्षी गेली. अण्णा विहिरीत उतरले की पेटीजवळ आईच उभी राहायची. बटण दाबायच्या आधी विहिरीकडे तोंड करून मोठ्यानं विचारायची, "अवो, चालू करू का?" खालून 'कर' आल्याशिवाय बटणाला हात लावायची नाही. आमच्याकडे विहिरीवर सगळेच विचारतात, पण आईचं जरा जास्तच होतं. अण्णा बांधावर समोर उभे असले तरी विचारायची. मी चिडवायचे, "आई, अण्णा दिसतायत की समोर!" तर म्हणायची, "दिसू दे की. इचारलं तर तोंड दुखतंय व्हय?"

त्या दुपारी लाईट नव्हती. जेवण झाल्यावर अण्णा आडवे झाले असतील असं धरून मी कानात हेडफोन घालून इन्व्हर्टरवर कामाला बसले. जोडणी पुरी होता होता लाईट आली. खिडकीतून पेटीवरचा लाल दिवा दिसला. म्हटलं, चला, मुहूर्त चांगला आहे. बटण दाबलं.

प्रोग्राम तयार झाला, तपासून झाला... आणि बिल्ड थांबलं. बरोबर तिथंच, जिथं पूर्वी तो प्रश्न यायचा. आता प्रश्न नव्हता, नुसती एक रेघ लुकलुकत होती. मला वाटलं सेटिंग लागलं नसेल. बंद केलं, सेटिंग उघडून पाहिलं. लिहिलेलं बरोबर होतं. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तिथंच थांबलं, तीच रेघ. मी चिडून तेही बंद केलं. बोर्डच अडकला असणार, असं म्हणत चप्पल घालून विहिरीकडे निघाले.

विहिरीत डोकावून पाहिलं.

अण्णा खालच्या पायरीवर, घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. मोटरच्या केबलचा जोड सुटला होता. लाईट नाही हे बघून ते तसेच उतरले होते. वरचा मेन स्विच चालूच होता आणि दोन्ही हातांत उघड्या तारा होत्या; बोर्डानं मोटर चालू केली असती तर वीज थेट त्या तारांत उतरली असती. मी धावत जाऊन मेन पाडला. खालून अण्णा ओरडले.

"किती येळा इचारशील गं? थांब म्हणलं न्हवं का तुला!"

"मी कुठं विचारलं, अण्णा?"

"मग कोण? दोनदा हाक आली की. चालू करू का म्हणून. दोनी येळंला म्या थांब म्हणलं."

मी त्यांना हात देऊन वर घेतलं. कठड्यावर बसून ते पाय पुसत होते. पुसता पुसता थांबले. वळून पेटीकडे बघायला लागले.

"तू मला अण्णा म्हणतीस," ते हळूच म्हणाले.

"हो."

"तिकडनं 'अवो' आलं."

माणसांच्या आवाजापेक्षा हायवेवरच्या ट्रकचे आवाजच जास्त, अशी ती जागा. शेजारच्या शेतात त्या दिवशी कुणी नव्हतं, याची मी नंतर चौकशी करून खात्री केली. पुण्याच्या माझ्या सहकाऱ्याला सगळं पाठवलं. तो म्हणाला, लाईट आल्या आल्या बोर्ड नीट जागा झाला नसेल. असेलही. पण टूल बोर्डाशी बोलायला लागतं ते बिल्ड थांबलं त्या जागेनंतर. म्हणजे बोर्डामुळे ते अडायचं कारणच नव्हतं. त्यानं खूप खटपट केली, पण ते बिल्ड पुन्हा तसं थांबवून दाखवता आलं नाही.

त्या दिवशी अण्णांनी पुन्हा खाली उतरून जोडाला टेप गुंडाळली, वर आले, मेन चढवला. मी घरात आले. प्रोग्राममध्ये किंवा सेटिंगमध्ये एक अक्षरही बदललं नव्हतं. खिडकी उघडून ओरडले, "अण्णा, चालू करू का?"

अण्णा पेटीपासून दोन हात लांब उभे होते, आई उभी राहायची ती जागा मोकळी सोडून. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाले, "कर."

बिल्ड न थांबता गेलं. मोटर फिरली.

तो प्रश्न मी टूलमध्ये परत घातलाय. आता एडिटरमध्ये एक छोटी चौकट येते, उत्तर दिल्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही. सहकारी हसतात, हसू देत. बॅटरी घेऊन बघितलं का, असं अण्णा आता कुणाला विचारत नाहीत.

खरं सांगू, हे कसं झालं याचा शोध मी आता घेत नाही. मला वेगळंच काहीतरी खातं. अण्णांना तिचा आवाज आला. मला आला नाही. माझ्याकडे ती आली असेल तर नुसती एक लुकलुकणारी रेघ होऊन आली, माझ्या उत्तराची वाट बघत... आणि मी ती दोन्ही वेळा बंद केली.