मला काय लागतंय?

टेबलावर चार पाकिटं होती आणि आम्ही माणसं पाच होतो.

शेठ, शेठचा मुलगा, त्याची बायको, विक्री बघणारा मॅनेजर. हे चौघं खुर्च्यांवर. मी दाराशी उभी. खुर्ची मला कुणी दाखवली नाही आणि बावीस वर्षांत मीही कधी मागितली नव्हती. दोन दिवसांनी आम्ही रत्नागिरीतून निघून लिस्बनला जाणार होतो. फळांचं प्रदर्शन होतं, चार दिवसांचं. शेठची सून, जिला आम्ही सगळे मॅडम म्हणतो, लॅपटॉपवरून खर्चाचा तक्ता वाचत होती. दुपारचं जेवण माणशी इतके युरो. कॉफी दिवसातून दोनदा. ट्राम. पाण्याची बाटली. घरच्यांना काही घ्यायचं तर त्याचे वेगळे. एकेकाचं वाचून झालं की पाकीट पुढे सरकवत होती.

मग माझी ओळ आली.

"मावशी, तुमचं जेवण तर घरचंच आहे. तांदळाचं पीठ घेतलंय, सगळ्यांच्या भाकऱ्या तुम्हीच करणार, त्यातच तुमचा डबा. कॉफी तुम्ही पीत नाही."

मी पिते. शेठच्या आंब्याच्या शेडवर चहा मिळतो म्हणून चहा पिते, एवढंच.

"वरखर्चाला किती धरू?"

आणि मी म्हटलं, "मला काय लागतंय ओ?"

मॅडमने शून्य टाकलं.

आमच्या वाडीत असंच बोलतात. ताटात कुणी वाढायला आलं की आधी हात आडवा धरायचा. नको म्हणायचं. समोरच्याने पुन्हा विचारायचं, मग घ्यायचं. दुसऱ्यांदा विचारत नाही असं घर आमच्याकडे नाही. शेठच्या ऑफिसात मात्र दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

शेठना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी खण उघडला आणि रुमालाची एक पुरचुंडी काढली. आधीच्या परदेशवाऱ्यांतून उरलेली चिल्लर. "ही घे गं. तिकडचीच आहे. मजा कर."

मी ओढणी पुढे केली. दोन्ही हातांनी. वर मीच म्हणाले, "लय झाली."

हे शब्द माझे नव्हते, आईचे होते. आई शेठच्या वडिलांच्या बागेत आंबे वाहायची. चांगला आंबा पेटीत जायचा. पडीचा, डागी आंबा सीझन संपताना बायकांच्या ओच्यात टाकायचे. आई वाकून म्हणायची, "लय झाले, मालक." घरी आल्यावर ती किडलेला भाग सुरीने काढायची आणि उरलेलं आम्हा भावंडांत वाटायची. आम्ही कोयी चोखायचो आणि मालकाला चांगलं म्हणायचो.

तरी मला नेलं. का नेलं? कौतुक म्हणून नाही. आंबा अढीत घातला, म्हणजे पेंढ्यात पिकायला लावला, की कुठला उद्या होणार आणि कुठला परवा, हे मला हात लावून कळतं. वासावरून कळतं. प्रदर्शनात रोज सकाळी त्या दिवसाचा आंबा निवडून कापायला लागतो. एक दिवस इकडेतिकडे झाला तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मॅनेजरने एकदा हे काम करून पाहिलं होतं. त्याने कच्चे कापले. म्हणून मी.

लिस्बनला दुसऱ्या दिवशी दुपारी प्रदर्शनातून लवकर सुटलो आणि शहर बघायला गेलो. म्हणजे ते चौघं बघायला गेले, मी जॅकेटं धरायला. एका चौकात ते कॉफीला बसले. टेबलाभोवती चार खुर्च्या. मॅडम म्हणाल्या, "मावशी, इथे डबा काढलेला चालत नाही. तुम्ही त्या बाकावर बसा." मी समोरच्या बाकावर बसले. भाकरी खाल्ली, पाणी प्यायले.

थोड्या वेळाने मला जायला लागलं.

चौकाच्या खाली, पायऱ्या उतरून, बायकांचा संडास होता. दाराशी यंत्र. त्यात नाणं टाकलं की फाटक उघडतं. माझ्या पुढच्या बाईने टाकलं आणि ती आत गेली. मी पुरचुंडी सोडली. पहिलं नाणं टाकलं. खडखड करून खालून बाहेर आलं. दुसरं टाकलं, तेही आलं. लालसर बारकी नाणी यंत्र घेतच नव्हतं. मोठी होती ती भलत्याच देशांची. मागे रांग झाली. एका गोऱ्या म्हातारीने माझ्या तळहातावरची नाणी एकेक करून उलटीसुलटी बघितली आणि मान हलवली. तिच्या डोळ्यांत दया होती. शेठच्या पुरचुंडीपेक्षा ती दया मला जास्त लागली.

मी वर आले. कॉफीच्या दुकानात संडास असतो हे कळत होतं. मॅडमच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं. त्या म्हणाल्या, "इथला गिऱ्हाइकांसाठी असतो हो. आपण अर्ध्या तासात निघतोच. जरा धरा ना." मग इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. मॅनेजर हसला. शेठचा मुलगा मोबाइलमध्ये होता. शेठ केक खात होते.

मी धरलं. अर्धा तास धरलं, तासभर धरलं. त्यांनी अजून एकेक कॉफी मागवली. मग आम्ही उतरलो होतो त्या भाड्याच्या घराकडे जायचा चढ लागला आणि चढावर माझ्याने राहिलं नाही. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी. नातू आहे मला. भर रस्त्यात सलवार भिजली, चपलेत ओल गेली, आणि हातात चौघांची जॅकेटं. शेठच्या मुलाने बघितलं आणि तो पुढे निघून गेला. मॅडम म्हणाल्या, "अगं बाई! मावशी, जॅकेटं सांभाळा."

जॅकेटं सांभाळा.

घरी जाऊन सलवार धुतली. धुताना आठवलं, शेठच्या पॅकिंग शेडवर आम्ही तीस बायका. संडास एक, ऑफिसला जोडलेला, कुलपात. आम्ही काजूच्या झाडांमागे जायचो. पाणी कमी प्यायचो, म्हणजे कमी जायला लागतं. बावीस वर्षं. यंत्राला काय शिव्या द्यायच्या? फाटक आधीपासूनच बंद होतं. मी त्याला रीत समजत होते.

सकाळी शेठ म्हणाले, "पेट्या उघड. आज मोठा खरेदीदार येणार आहे."

"पाकीट द्या," मी म्हटलं.

"कसलं पाकीट?"

"तुम्ही चौघांनी घेतलंत तसलं. तेवढ्याच पैशांचं. मग उघडते."

मॅडम म्हणाल्या, "पण मावशी, तुम्हीच म्हणालात ना, मला काय लागतंय?"

"म्हणाले. चुकलं माझं. लागतं मला."

शेठचा चेहरा तापला. मॅनेजर पेटीकडे वळला. शेठ त्याच्यावर ओरडले, "तू हात लावू नको!" मग त्यांनी स्वतःच्या खिशातून नोटा काढल्या आणि टेबलावर टाकल्या. मी उचलल्या नाहीत. "हातात द्या," म्हटलं. त्यांनी दिल्या. रुमालाची पुरचुंडी मी तिथेच टेबलावर ठेवली. पेट्या उघडल्या, आंबा निवडला, कापला. खरेदीदाराने दोन फोडी मागून खाल्ल्या. त्या दिवशी मी चौकात जाऊन कॉफी घेतली. कडू होती. पूर्ण प्यायले, आणि दुकानातल्या संडासात जाऊन आले.

मे संपताना शेठने निरोप धाडला, पुढच्या सीझनला येऊ नको. बायका मला म्हणाल्या, "चार पैशांसाठी हातचं काम घालवलंस." त्यांनाही अजून ते चार पैसेच वाटतात.

दिवाळीनंतर भाट्ये गावाच्या पुढचा एक बागायतदार मला बोलवायला आला. अढीवर माणूस हवं होतं. ओटीवर बसून म्हणाला, "काय घेशील? तुला काय लागतंय ते बोल." जुने शब्द जिभेवर आले. मी ते गिळले. पगाराचा आकडा सांगितला. मग म्हटलं, "आणि शेडवर बायकांना संडास. बिनकुलपाचा."

"पहिल्याच दिवशी अटी?"

"पहिल्याच दिवशी."

"बघू," म्हणाला.

"बघा. बांधून झाला की येते."

मार्च लागला. त्याचा आंबा उतरायला आलाय, अढीला माणूस नाही, आणि संडासाचा पायाही खणलेला नाही. मी घरी काजू सोलते. चिकाने बोटं जळतात. माझी सून म्हणते, जरा नमतं घ्या. घेणार नाही. उपाशी राहीन, पण काजूच्या झाडामागे आता जाणार नाही.